काकीनं विचारलं होतं

पुसेगावच्या स्टँडवर हिंगोलीची जीप भरेपर्यंत काकी माझ्या बॅगेवर हात ठेवून उभी होती. सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस होते आणि कामाला हात कमी पडत होते, तरी ती माझ्यासाठी आमच्या गावाहून स्टँडपर्यंत चालत आली होती. माय डोळ्याला पदर लावून होती. बाबा ड्रायव्हरला, पोरीला पुढच्या सीटवर बसवा, म्हणून तिसऱ्यांदा सांगत होते. हिंगोलीहून संध्याकाळची ट्रॅव्हल्स होती, सकाळी पुणे. जीप हलली तेव्हा काकी खिडकीशी आली आणि म्हणाली, "तिकडच्यावानी बोलाय लागलीस तर लाग. पर आमचं बोलणं समजून घेत जाय."

काकी म्हणजे माझ्या चुलत्याची बायको. चुलते लवकर गेले, मग ती आणि तिचा मुलगा संदीपदादा आमच्याच घरात राहिले. मी लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा करावा असं घरात सगळ्यात आधी तीच म्हणाली होती.

पुण्यात पहिली दोन वर्षं मी एका दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासलं. नंतर एका संशोधन केंद्रात लागले. तिथं गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगावर काम चालतं. दवाखान्यांतून बायकांच्या गाठींचे तुकडे मेणात बसवून येतात. त्यांचे कागदाहून पातळ काप काढायचे, काचेवर चढवायचे, रंग द्यायचा आणि मायक्रोस्कोपखाली पेशी मोजायच्या, हे माझं काम. काचेवर नाव नसतं. एक नंबर असतो आणि वय. बेचाळीस, एक्कावन्न, अडतीस. सुरुवातीला मी प्रत्येक वयाला गावातली एक बाई जोडायची. मग ते सुटलं. सुटलं नसतं तर काम झालं नसतं.

आमच्या मॅडमनी मला सगळं नीट समजावलं. या रोगाच्या मुळाशी एक विषाणू असतो. तो इतका सर्रास आहे की बहुतेक बायकांच्या अंगात कधी ना कधी शिरतो, आणि शरीरातल्या लढणाऱ्या पेशी त्याला वर्ष-दोन वर्षांत हुसकावून लावतात. बाईला पत्ताही लागत नाही. काही जणींच्या अंगात मात्र तो टिकून राहतो आणि पुढची कितीतरी वर्षं तिथल्या पेशी हळूहळू बिघडत जातात. गाठ झाली की लढणाऱ्या पेशी येतात, पण काही काचांवर त्या गाठीच्या कडेलाच थांबलेल्या दिसतात, आत शिरतच नाहीत. काही थकलेल्या असतात. काही तर गाठीच्या संगतीनं बदलतात, तिला नवीन रक्तवाहिन्या करून देतात आणि बाकीच्यांना गप्प बसवतात. कोण आत गेलं, कोण बाहेर राहिलं, कोण उलटलं, हे मी तपकिरी ठिपक्यांवरून मोजते.

चार वर्षांपूर्वी चौदा एप्रिलच्या जयंतीला गावी गेले होते. मिरवणूक झाल्यावर घरातल्या बायका अंगणात बसल्या आणि मायनं विचारलं, तू तिकडं करतेस तरी काय. मी सांगितलं. माय म्हणाली, "म्हंजे आपलेच लोक जाऊन तिकडं मिळतेत." सगळ्या हसल्या. मीही हसले, पण ते मला लागलं. ते मला का लागलं असेल, हे गावाहून गेलेल्या तुम्हा सगळ्यांना सांगायला नको.

काकी हसली नव्हती. जेवणं झाल्यावर मी मोरीत हात धूत होते तेव्हा ती मागं येऊन उभी राहिली. तिनं हलक्या आवाजात विचारलं, "ह्या लढणाऱ्या पेशी बाईच्या चुकीनं कमी होतेत का?"

मी म्हणाले, चूक कोणाची नसते, आणि मग मला जे जे येत होतं ते सगळं तिला सांगितलं. तंबाखूनं त्या पेशी दुबळ्या होतात, पोटाला नीट नसलं तरी होतात, काही वेळा कारण सापडतच नाही. पाच-सात मिनिटं मी बोलत होते. काकी मान डोलवत ऐकत राहिली. "व्हय का," म्हणाली आणि भांडी उचलून गेली. दुसऱ्या दिवशी मी पुण्याला निघाले.

तिची पाळी जाऊन तीन वर्षं झाली होती आणि तरी अंगावरून रक्त जात होतं. हे मला त्या दिवशी कळलं नाही. मी विचारलंच नाही. बाई असं का विचारते, हे समजायला मायक्रोस्कोप लागत नव्हता.

पुढच्या पोळ्याच्या सुमाराला संदीपदादाचा फोन आला. काकीला नांदेडला नेलं होतं, तुकडा तपासायला दिला होता. मी त्याला रिपोर्ट मोबाइलवर पाठवायला सांगितला आणि लॅबच्या जिन्यात उभी राहून वाचला. सगळे शब्द माझ्या रोजच्या ओळखीचे होते. कुठल्याशा लॅबमध्ये माझ्यासारख्याच एका मुलीनं तो काप काढला असणार, आणि तिच्या काचेवरही नंबर आणि वय एवढंच असणार. रोग पसरला होता. किरणांचे शेक दिले, थोडे दिवस बरं वाटलं, आणि नंतरच्या उन्हाळ्यात काकी गेली. शेवटच्या महिन्यात मी तिच्याजवळ होते. तिनं मला एकदाही बोल लावला नाही. मीच एकदा विचारलं, तेव्हाच काहून सांगितलं न्हाई. ती म्हणाली, "तू इतकं चांगलं सांगून राहिली व्हतीस. मधीच कसं बोलावं?"

त्यानंतर मला कुठंच बसवत नव्हतं. पुण्यात असले की वाटायचं आत्ता गाडीत बसावं. गावी गेले की दुसऱ्या दिवशी लॅबची आठवण यायची आणि मी अंगणात येरझाऱ्या घालायची.

काकीच्या पुण्यानुमोदनाला विहारात सगळं गाव जमलं होतं. वंदना झाली, दोघं-तिघं बोलले, मग मला बोलायला सांगितलं. काकीचे गुण सांगायचे म्हणून मी उठले आणि तिला काय झालं होतं तेच सांगितलं. पाळी गेल्यावर रक्त जाणं, संबंधानंतर रक्त जाणं, वास येणारं पाणी, हे सगळं त्याच शब्दांत. हा रोग व्हायच्या कितीतरी वर्षं आधी पेशींतला बिघाड तपासणीत दिसतो आणि तेव्हा तो थांबवता येतो, हेही सांगितलं. पुरुष जमिनीकडं बघत होते. बाबा उठून बाहेर गेले. घरी आल्यावर ते एवढंच म्हणाले, "हे तिथं बोलायचं व्हतं का?" मी म्हणाले, "मोरीत बोलले व्हते बाबा. तिथं कामाला आलं न्हाई." पुढं ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

पण त्याच दुपारी कविता वहिनी, म्हणजे संदीपदादाची बायको, मला गोठ्याच्या मागं घेऊन गेली. तिला सहा महिन्यांपासून संबंधानंतर रक्त जात होतं. सासूचं आजारपण चालू असताना स्वतःचं काय सांगायचं, म्हणून ती गप्प होती. या खेपेला मी काही समजावलं नाही. कधीपासून, किती, दुखतं का, एवढं विचारत गेले. ती रडली आणि मग सगळं बोलली.

तिसऱ्या दिवशी गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंना सोबत घेऊन आम्ही हिंगोलीला सरकारी दवाखान्यात गेलो. गावातल्या आणखी चौघी जीपमध्ये बसल्या. तपासणी साधी असते. गर्भपिशवीच्या तोंडाला औषध लावून बघतात. चौघींचं काही निघालं नाही. वहिनीच्या ठिकाणी पांढरा चट्टा दिसला. पुढच्या तपासणीत पेशी बिघडायला लागलेल्या दिसल्या, पण कर्करोग झालेला नव्हता. तेवढा भाग डॉक्टरांनी काढून टाकला. वर्षभरानंतरची तपासणी चांगली आली. वहिनीला दर वर्षी जावं लागतं, आणि जायच्या दोन दिवस आधीपासून माझं कामात लक्ष नसतं.

माय मात्र तपासणीला तयार होत नव्हती. मला काई झालं न्हाई, म्हणायची. गेल्या संक्रांतीला बाबाच म्हणाले, "जाय की. पोरगी कशापायी येऊन राहिली इतक्या दुरून?" त्यांनी स्वतः जीप सांगितली आणि दवाखान्याच्या बाहेर माझ्याशेजारी बसून राहिले. माय पदर सारखा करत बाहेर आली. डॉक्टरांनी एक नमुना लॅबला पाठवला होता. रिपोर्टला आठवडा लागणार होता आणि माझी रजा संपत होती.

तुम्ही गावी राहिलेले मला विचारता, तुझं घर कुठलं गं आता? मी हसून पुण्याचा पत्ता सांगायची. गावच्या घरून वर्षानुवर्षं फोनवर एकच ऐकलं होतं, आमी बरे हाव, तू तुझं बघ. दूर गेलेल्यांना सगळं बरंच सांगतात.

पुण्याला परतल्यावर त्या आठवड्यात बुधवारी दुपारी मी काचा मोजत असताना मायचा फोन आला. मी हातमोजे काढून बाहेर आले.

"रिपोर्ट भेटला. काई न्हाई त्याच्यात," माय म्हणाली. ती फोन ठेवत नव्हती. मग म्हणाली, "आन ऐक. डावा गुडघा लई दुखून राहिला दोन महिन्यापासून. तुला सांगितलं न्हाई व्हतं. रात्री दोनदा उठावं लागतं, तेबी सांगून ठेवते."

काचा तशाच राहिल्या. मी तिथंच पायरीवर बसले आणि म्हणाले, सांग माय, पहिल्यापासून सांग.