एकोडीच्या राजाचा उजवा पाय

गुंजनने आपल्या होणाऱ्या सासऱ्याला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तिला सासरा दिसलाच नाही. दिसला तो एक तळपाय. सिहोऱ्याला माहेरच्या ओसरीवर ती पोह्यांचा ट्रे घेऊन आली, तर समोर हवेत, थेट तिच्या नाकाच्या उंचीवर, हा तळपाय. एवढा मोठा, की त्यावर एखादा तलाव पाळीसकट मावला असता. टाचेच्या भेगा अशा, की उन्हाळ्यातल्या धानाच्या बांधीने लाजावं. त्या तळपायामागे फार दूरवर, धुक्यातून डोंगर दिसावा तसा एक माणूस बसला होता. त्याच्या मिशीचं एक टोक बालाघाटकडे रोखलेलं होतं आणि दुसरं नागपूरकडे. खाली प्लास्टिकची खुर्ची होती आणि तिचा एक पाय मोडका होता. पण माणूस बसला होता सिंहासनावर.

ती पाया पडायला वाकली, तर जमिनीवर पाय एकच. आईने मागून कोपर मारलं. मग गुंजनने झाडावरची कैरी काढावी तसा हात उंच करून दुसऱ्या पायालाही नमस्कार केला. वरून धीरगंभीर आवाज आला, "प्रजेचं कल्याण असो."

ओसरी हसली. गुंजनही हसली आणि तिथेच तिने होकार ठरवून टाकला. मुलगा, म्हणजे धनंजय, तिने नंतर सावकाश पाहिला.

सासरे गोमाजी अकरा महिने एकोडीत धान पिकवायचे आणि दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावजत्रेत, राजा व्हायचे. गावची दंडार, म्हणजे नाचगाण्याचं लोकनाट्य, भरदुपारी, चौकात, पाहुण्यारावळ्यांच्या गर्दीत होत असे. त्या दंडारीत राजा म्हणजे गोमाजी, हे तलावात पाणी असतं तितकं ठरलेलं. दंडारीचा एक अलिखित नियम होता. प्रधान उभा राहतो, प्रजा सतरंजीवर बसते आणि राजा उजवा पाय डाव्यावर टाकून बसतो, तो शेवटपर्यंत खाली ठेवत नाही. गोमाजींनी हा नियम घरी आणला. ते न्हाव्याकडे तसेच बसत, धान खरेदी केंद्रावर पोत्यांच्या थप्पीवर तसेच बसत, ट्रॅक्टरच्या चाकावरच्या पत्र्यावरही तसेच. सासू चंद्रभागाबाई म्हणायच्या, देवाने यांना दोन पाय दिले, एक चालायला आणि एक दाखवायला.

गुंजन सून होऊन आली, आणि यंदा धानाची रोवणी आटोपताच गोमाजींना ताप आला. उतरला, पण जाताना अंगावरचं बरंच मांस घेऊन गेला. पोळ्याच्या सुमारास उजव्या पायाला मुंग्या येऊ लागल्या. मग नडगीची बाहेरची बाजू आणि पावलाचा वरचा भाग बधिर झाला आणि नडगीलगतचा स्नायू आपोआप उडू लागला. चामडीखाली बेडूक सोडल्यासारखा. शेजारच्या बायका "पाय वो, पाय", म्हणजे बघ गं, बघ, म्हणत तो बेडूक पाहायला येऊन गेल्या.

आता पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत माणूस एक वेळ उपाशी राहील, पण निदान सांगितल्याशिवाय राहायचा नाही. कोणी म्हणालं साखर असेल. कोणी म्हणालं लाखोळीची डाळ भोवली. कोणी कंबरेची गादी सरकवली, कोणी मोबाईलवर वाचून असा काही आजार सांगितला, की गोमाजी दोन दिवस मृत्युपत्राची भाषा बोलत होते. आणि गोमाजी अंगणात आंघोळीला बसले की पाठ चोळायच्या निमित्ताने चंद्रभागाबाई अंगावर कुठे फिकट चट्टा आहे का, ते शोधत. गुंजनने ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

उपायाच्या बाबतीत मात्र सगळ्यांचं एकमत होतं, आणि ते गुंजननेच पहिल्यांदा मांडलं होतं: पाय जड झाला आहे, वर ठेवा. गोमाजींना वर ठेवायची एकच रीत ठाऊक. ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत उजवा डाव्यावर टाकून बसू लागले. सून कौतुकाने चहा आणून द्यायची. पाय पंधरवड्यात आणखी बिघडला.

मग दंडारीच्या तालमीत ते घडलं. राजा ऐटीत आला, सिंहासनाकडे गेला, बसला, पायावर पाय टाकला. समोरचे सगळे मागे बघत होते. राजाची उजवी मोजडी मागे अंगणाच्या मधोमध पडली होती आणि राजाला ते कळलंच नव्हतं. वर टाकलेल्या अनवाणी पायाचा पंजा वेलीवरच्या दोडक्यासारखा लोंबत होता. दंडारीचा प्रधान सोमाजी गोमाजींचा बालमित्र, म्हणजे बोलायला मोकळा. त्याने मोजडी उचलून आणली आणि हळूच म्हणाला, "राजे, यंदा मनिषले मुकुट देऊन पाहू का?"

मनिष तालमीत भाला धरायचा आणि जिममध्ये दंड फुगवायचा. घरी येताना गोमाजी पाऊल फटक् फटक् आपटत चालत होते आणि मिशी पहिल्यांदाच बालाघाट-नागपूर सोडून दोन्हीकडून खाली झुकली होती.

दुसऱ्या दिवशी गुंजनने धनंजयच्या मोटरसायकलची किल्ली घेतली आणि सासऱ्यांना मागे बसवून साकोलीला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी साखर तपासली, ती ठीक निघाली. कापसाचा बोळा फिरवून बधिर जागा रेषेने आखून घेतली. सगळ्या अंगावर चट्टे शोधले, एकही नव्हता. गुंजनने विचारायच्या आतच त्यांनी सांगितलं की हा कुष्ठरोग नाही, आणि असता तरी गोळ्यांनी बरा होतो, लपवायचं काही कारण नाही. लाखोळी महिनोन् महिने मुख्य जेवण म्हणून खाल्ली तर दोन्ही पाय ताठतात, असा एकच पाय लुळा पडत नाही. तोंड वाकडं झालं का, बोलणं अडखळलं का, कंबर दुखते का, सगळं विचारून झालं. त्यांनी अंगठा वर उचलायला सांगितला. अंगठा हलला नाही. मग गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडाच्या गाठीखाली, बोटाने टकटक केलं आणि गोमाजी ओरडले, कारण झिणझिण्या पार पावलापर्यंत गेल्या.

बाई लिहायला वळल्या. पुन्हा पाहतात तो पेशंट तपासणीच्या टेबलावर उजवा पाय डाव्यावर टाकून बसलेला.

"तुम्ही नेहमी असेच बसता का?"

"जन्मापासून जी," गोमाजी अभिमानाने म्हणाले.

मग उलगडा झाला. पायाची एक नस गुडघ्याच्या त्याच हाडावरून जाते, वर फक्त चामडी आणि थोडं मांस, आणि पायावर पाय टाकला की ती खालच्या गुडघ्यावर दबते. इतकी वर्षं त्या मांसाच्या गादीने सांभाळून घेतलं. तापाने गादी नेली आणि आता राजाच राजाच्या नसेवर बसला होता. एरवी स्नायू उडणं थकव्यानेही होतं, पण इथे बधिरपणा आणि लुळेपणा सोबत होता, म्हणून येणं बरं झालं, असं बाई म्हणाल्या. औषध एकच, पायावर पाय टाकायचा नाही. सोबत थोडा व्यायाम, आणि शंकेला जागा नको म्हणून रक्तात बी-बाराची एक तपासणी. दोन-तीन महिन्यांत पाय परत यावा, नाही आला तर नसेची तपासणी करू.

परत येताना तलावाची पाळ आली. गोमाजी सुनेला म्हणाले, "बाई, राजा कोठी पाय खाली ठेवत असते का?"

"मामाजी, राजा कोठी मोजडी हरवत असते का?"

पुढचे दोन महिने गुंजन शिलाई मशीनवर बसून पहारा करी. तिचा एक पाय पायट्यावर आणि डोळा सासऱ्यावर. त्यांचा उजवा पाय नुसता जमिनीवरून सुटला, तरी ती खाली मान घालून म्हणे, "राजे." पाय निमूट खाली येई. चंद्रभागाबाईंनी त्या शब्दाचा असा ताबा घेतला, की भाजीत मीठ मागितलं तरी "राजे" म्हणून दटावत. गोमाजी भिंतीला धरून टाचेवर उभे राहत, अंगठ्याकडे डोळे वटारून बघत. अंगठा बंडखोर मांडलिकासारखा पडून असे. दसऱ्याला तो जरासा हलला. गोमाजींनी शेजारच्यांना बोलावून हलवून दाखवला. बेडूक पाहायला आलेल्या सगळ्या पुन्हा आल्या.

मंडईच्या दुपारी सोमाजीने भाला मनिषच्याच हातात दिला आणि मुकुट गोमाजींच्या डोक्यावर ठेवला. गुंजन सतरंजीच्या कडेला उभी होती, तिची नजर मोजड्यांवर. राजा आला. टाच, मग पंजा. टाच, मग पंजा. दोन्ही मोजड्या पायात. मिशी बालाघाट-नागपूर. चौकातली पोरंही गप्प झाली. सिहोऱ्याहून आलेल्या आईला गुंजनने कोपर मारलं आणि म्हणाली, "पाय, माझा सासरा."

राजा सिंहासनावर बसला. दोन्ही पाय खाली ठेवले आणि तसाच शेवटपर्यंत बसला. गोमाजींना पंधरा दिवस याचीच धास्ती होती, की गाव काय म्हणेल.

कोणाच्या ते लक्षातही आलं नाही.