अक्कांनी माझ्या हातचं खाल्लं

सुमनअक्कांच्या साठीनिमित्तच्या या गौरवग्रंथात सगळ्यांनी त्यांच्याशी झालेली पहिली ओळख सांगितली असेल. माझी ओळख झाली तेव्हा मी माणसांत जमा नव्हते. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला आमचं गाव. शेजारच्या भागाबाईंचा नातू मी दिलेली चार बोरं खाऊन तापाने गेला, आणि गावाने मला डाकीण ठरवलं. दोन वर्षं मी ओढ्यापलीकडच्या खोपटात काढली. समोरून माणसं आली की वाट सोडून शेतात शिरायची. कुणी शिवीसुद्धा देत नसे, त्याचीच जास्त भीती वाटायची.

अक्का त्या वेळी शिरपूरला शिवण शिकवत असत. त्यांनी आमच्या गावातल्या आठ बायकांचा बचत गट उभा केला आणि गावाबाहेरच्या ओसाड गोदामात ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड, करायचं ठरवलं. बिबडा ओल्या हाताने कापडावर थापायचा, वरून सुकला की अलगद सोडवून उलथायचा. बायका दुपारी जेवायला घरी जात. परत येऊन बघतात तो सगळे बिबडे उलथलेले, एकही तुटलेला नाही, आणि आसपास चिटपाखरू नाही. असं चार दिवस झालं. "अक्का, आठे काहीतरी शे," गटातल्याच भागाबाई म्हणाल्या, इथे काहीतरी आहे म्हणून, आणि गट मोडायची वेळ आली.

ते काहीतरी म्हणजे मी. मला बिबड्यांशी काही देणंघेणं नव्हतं. जिथे बायकांचे हात लागलेत तिथे आपलाही हात लावावा, एवढंच वाटायचं.

पाचव्या दुपारी अक्का गोदामात एकट्याच थांबल्या. मी आत शिरले तर कोपऱ्यात त्या पाठमोऱ्या बसलेल्या. मागे न वळता म्हणाल्या, "कडेकडून सोडव बाई, मध्ये अजून ओलं आहे." दोन वर्षांत माझ्याशी कुणी बोललेलं ते पहिलं वाक्य. माझ्याच अंगावर काटा आला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सगळ्यांसमोर चुलीपाशी बसवलं. बिबड्यांसाठी शिजवलेला गरम घाटा माझ्या हातून वाढून घेतला आणि खाल्ला. "मी रोज येऊन हिच्या हातचं खाईन," त्या म्हणाल्या. "आठ दिवसांत मला काही झालं नाही, तर ही गटात."

रोज सकाळी बाया फाट्यावर एसटीची वाट बघायच्या. अक्का उतरल्या की त्यांचे डोळे, नखं न्याहाळायच्या. सहाव्या दिवशी अक्का उतरल्याच नाहीत. बाया गोदामापुढे येऊन उभ्या राहिल्या. मागून गडीमाणसं आली, एकाच्या हातात कुऱ्हाड होती. मला पळावंसं वाटलं नाही. मी माझे हात बघत बसले होते. खरंच असेल का यांच्यात काही? गाव म्हणत होतं त्याच्या आधीपासून हा प्रश्न मला खात होता.

दुपार कलता कलता एका बैलगाडीतून अक्का आल्या. गोधडी पांघरलेली, दात वाजत होते, अंग तापाने फणफणलेलं. माणसांतून वाट काढत सरळ माझ्यापुढे येऊन बसल्या. "वाढ गं, भूक लागली आहे," म्हणाल्या. वाढताना घाटा त्यांच्या लुगड्यावर सांडला. तशा तापातही त्यांनी वाटी पुसून खाल्ली, आणि पुढचे दोन दिवसही आल्या.

आठव्या दिवशी भागाबाईंनी माझ्यापुढे वाटी धरली. "अक्का जित्ती शे," एवढंच म्हणाल्या आणि रडल्या. मीही रडले.

पुढे अक्कांनी आम्हाला अक्षरं गिरवायला लावली, बाजारात बसवलं. स्वतः मात्र एकदाही आमच्यासाठी गिऱ्हाईक बोलावलं नाही. "भाव तू सांग, आणि माणसाच्या डोळ्यांत बघून सांग," असा त्यांचा दंडक. ज्या बाईकडे कुणी बघत नव्हतं तिला हे जमणं सोपं नव्हतं. आता आमचे बिबडे धुळ्याला, जळगावला जातात, आणि भागाबाई आणि मी एकाच ताडपत्रीवर बसून विकतो.

अक्कांना साठ वर्षं पूर्ण झाली. गावातल्या काही म्हाताऱ्या मनातल्या मनात अजून दिवस मोजतात, हे मला ठाऊक आहे. दुसऱ्यांना काय हसू? अक्कांना साधं पडसं झालं तरी मी आधी माझे हात बघते. म्हणून माझ्या शुभेच्छेत स्वार्थ आहे. अक्का, तुम्ही ठणठणीत राहा, शंभरी पार करा. मी तुमच्याहून दोनच वर्षांनी लहान आहे. मला आधी जाऊ द्या.