स्पॅनिशमधली एक जादा ओळ

“खरात बाई, तुमचं स्पॅनिश चुकलं म्हणून राह्यला पाहुणा,” जगताप साहेब म्हणाले. बसा म्हणायचं भानही त्यांना नव्हतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. हैदराबादला स्पॅनिशचा डिप्लोमा करून मी जाफराबादला घरी बसले होते. या भाषेचं जाफराबादेत लोणचं घालणार का, असं आख्खी गल्ली विचारून झाली होती. तेवढ्यात जालन्याच्या एका बियाणे कंपनीनं बोलावलं. कोलंबियातले कापसाचे मोठे शेतकरी, सेन्योर, म्हणजे श्रीयुत, मोरालेस, संकरित बियाणं करण्याची आमची पद्धत पाहायला येणार होते. कंपनीच्या इंग्रजी माहितीपत्रकाचं स्पॅनिश करायचं. जगताप साहेब मॅनेजर. काम पटलं तर परमनंट करू, असं त्यांनी सांगितलं होतं. आणि आता तेच ‘चुकलं’ म्हणत होते.

आधी काम समजून घ्या. कपाशीच्या एकाच फुलात नर आणि मादी असे दोन्ही भाग असतात. उद्या उमलणारी कळी आज दुपारी हेरायची. तिच्या पाकळ्या आणि नर भाग काढून टाकायचा. मधली नाजूक काडी म्हणजे मादी, ती शाबूत ठेवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यावर दुसऱ्या जातीच्या फुलाचे परागकण लावायचे. याला आमच्याकडे क्रॉसिंग म्हणतात. काडी मोडली की बोंड लागत नाही.

सेन्योर मोरालेसनी माझा कागद समोर धरून कळ्या सोलून पाहिल्या. बहुतेक सगळ्या काड्या मोडल्या, म्हणून त्यांनी तुटक्या इंग्रजीत साहेबांना कागद चुकल्याचं सांगितलं. त्यांच्या देशात मजुरांच्या हाती हाच कागद पडणार होता.

“सर, डिक्शनरीत प्रत्येक शब्द तपासलाय. बरोबर आहेत,” मी साहेबांना म्हणाले.

“मंग कळ्या का मोडून राह्यल्या? उद्या सकाळी चालला त्यो. त्याच्या आत बघा काय ते.”

मला राग आला. रागात माझ्या हातून कामं बरी होतात. मी कंपनीच्या जीपनं अंबड रोडवरच्या बियाण्याच्या प्लॉटवर गेले आणि ठरवलं, कागदात आहे तेवढंच करायचं. कागद म्हणत होता, हातानं काढा. मी हातानं काढलं. कळी मोडली. दुसरी मोडली. तिसरीची नुसती पाकळी फाटून हातात आली. म्हणजे शब्द बरोबर होते आणि कागद तरी चालत नव्हता.

शेजारच्या ओळीत शकीला आपा होत्या, प्लॉटवरच्या बायांच्या मुकादम. माझ्याशी बोलता बोलता त्यांची कळी मटाराची शेंग सोलावी तशी सुटत होती. मी त्यांचा हात पाहिला. अंगठ्याचं नख चांगलं वाढलेलं. मग पुढच्या बाईचा पाहिला, तिच्या पुढचीचा पाहिला. सगळ्यांचं तसंच.

“आपा, हे नख मुद्दाम ठेवलंय?”

“मंग? बिगर नखाचं क्रॉसिंग होतं का कधी?” आपा हात न थांबवता म्हणाल्या. “सीझन लागला की अंगठ्याचं नख काटायचंच न्हाई.”

माझी नखं मी मॅट्रिकपासून खात आले होते. सेन्योर मोरालेसची तर साहेबी, गोल कापलेली. बांधावर बसून मी कागदात भर घातली: उजव्या अंगठ्याचं नख वाढवावं, कळीच्या बुडाशी ते रुतवून गोल फिरवावं, मग नर भाग पाकळ्यांसकट वर ओढावा.

संध्याकाळी ऑफिसात ही भर सांगितली तेव्हा साहेबांनी विचारलं, “इंग्रजीत हे कुठं हाय?”

“नाही, सर.”

“मंग तुम्ही मनानं घालून राह्यल्या का? नखाचं काय लिव्हायचं असतं? ते सगळ्यायला माहीत असतं.”

“जालन्यात, सर. ही ओळ काढायची असेल तर भाषांतर दुसऱ्याकडून करून घ्या.”

जालन्यात स्पॅनिश येणारं दुसरं कुणी नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

सकाळी सेन्योर मोरालेसनी नवा कागद वाचला. मी त्यांना प्लॉटवर आपांचा अंगठा दाखवला. त्यांनी स्वतःचा अंगठा उलटसुलट करून पाहिला. म्हणाले, “माझ्याकडे ऊसतोडीचे गडी आहेत. त्यांची नखं झिजलेली. मी काय करू?”

“पेरणी झाली की नखं कापणं बंद करायला लावा. फुलं येईपर्यंत वाढतात.”

ते मोठ्यानं हसले. मग साहेबांकडे वळून म्हणाले की कागद आता बरोबर आहे, आणि या बाई नसत्या तर मी हा नाद सोडून घरी गेलो असतो. साहेबांसाठी त्याचं मराठी मलाच करावं लागलं. मी एकही शब्द गाळला नाही.

परमनंटची ऑर्डर मिळाली. तिच्याबरोबर साहेबांनी मूळ इंग्रजी माहितीपत्रकही पुढं सरकवलं. “ती नखाची ओळ यात पण टाका,” म्हणाले, माझ्याकडे न बघता.

पुढं आयुष्यभर भाषांतरं केली. लिहिणाऱ्याला जे सगळ्यात पक्कं ठाऊक असतं, तेवढंच नेमकं त्याच्या कागदात नसतं.