काकूचं वजन

आमच्या काकूने हात वर केला, की बांगड्या थेट कोपरापर्यंत घसरायच्या. लग्न होऊन ती कळंबला आमच्या घरी आली, तेव्हा तिला पाहून बायकांनी तोंडाला पदर लावला. पण ही काडी बोलायला लागली, की भलेभले गप्प बसत.

राज्य निजामाचं होतं आणि घरात आबांचं, म्हणजे माझ्या आजोबांचं. बाजारात त्यांची धान्याची आडत. माणूसही ज्वारीसारखाच जोखावा, हा त्यांचा खाक्या. दर अमावास्येला दुकान बंद झालं, की घरातली पोरंसोरं, लेकीसुना पोत्यांच्या काट्यावर बसत. वजन वाढलं तर तब्येत चांगली, घटलं तर दुखणं. एवढं सोपं वैद्यक!

काकू काही केल्या भरेना. तूप झालं, डिंकाचे लाडू झाले. हकिमाने नाडी पाहून "ठणठणीत आहे" म्हटलं, तर आबा म्हणाले, "हकिमाला काय काटा कळतोय?" शेवटी त्यांनी फर्मान काढलं: दसऱ्यापर्यंत सून भरली नाही, तर तिला सोनारीला माहेरी कायमची धाडायची आणि काकांचं दुसरं लग्न लावायचं. काका खाली मान घालून बसले. मला त्यांचा अजून राग येतो.

दसऱ्याआधीच्या अमावास्येला माझ्या आईने जावेच्या मायेपोटी दुकानातलं एक लोखंडी वजन गुपचूप तिच्या ओच्यात बांधून दिलं. काकू पारड्यात बसली आणि सगळ्यांदेखत तिने ते काढून आबांपुढे ठेवलं.

"मामंजी, ओली ज्वारी लई भरती. घेता का तुमी?"

आबा चमकले. "ओली कशाला घीन? दाणा दाताखाली धरून बघतो की!"

"मग मलाबी तसंच बघा. येरमाळ्याच्या डोंगरावर येडाईच्या दर्शनाला पायी जाऊ. वाटंत मी बसले, तर तिथनंच सोनारीला धाडा."

आबा हट्टाला पेटले. पहाटे आम्ही सगळे निघालो. डोंगराच्या पायथ्याशी पोचलो, तेव्हा घरातले सगळ्यांत भरदार आबा पहिल्याच पायरीवर धापा टाकत बसले. काकू मात्र वर जाऊन, दर्शन घेऊन खाली आली आणि त्यांना पाणी पाजू लागली. जिंकली आमची काकू! आईने तिला तिथेच पायरीवर उचलून घेतलं. ती होतीच उचलण्याजोगी.

दसऱ्याला काकूचे वडील गाडी घेऊन दारात आले. त्यांना आधीचाच निरोप पोचला होता, की लेक कायमची घेऊन जा. त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. आबांनी त्यांना हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं.

"व्याही, सणाला न्या खुशाल. पण पुनवेला आमची सून आणाया म्या सोता येणार." मग आबांनी पाय चोळत सांगितलं, "पायी न्हाय बरं का, गाडीनं!"