तंबूतला आंबा

आता काय तोंडाने सांगू तुम्हाला! शेजारी भेटू नयेत म्हणून गेले दोन आठवडे मी माझ्याच इमारतीत लिफ्ट सोडून जिन्याने चढतोय. चौथा मजला! पण आधी नीट ऐका आणि मग सांगा, माणसाचं डोकं फिरणार नाही तर काय होणार?

जर्मनीत, म्युनिकजवळ उंटरश्लाइसहाइमला आम्ही नवा फ्लॅट घेतला. रविवारी वास्तुशांत. त्यासाठी माझ्या सासूबाई, सुमन दळवी, खास मालवणहून आल्या. चप्पल काढता काढता पहिला प्रश्न, "जावईबापू, कलशाला आंब्याचा डहाळा कुठाय?"

मी फोनवर मारे सांगून बसलो होतो ना, "आई, इथे सगळं मिळतं!" मिळतं हो. फ्रोजन मोदकसुद्धा मिळतात. पण आंब्याची पानं? सगळं म्युनिक पालथं घातलं, पान नाही! आमची मेधा म्हणाली, "तमालपत्र लाव की." सासूबाईंनी लेकीकडे असं बघितलं की ती मुकाट स्वयंपाकघरात गेली. मला मात्र कुठे जायला जागाच नव्हती. शब्द मी दिला होता.

शुक्रवारी संध्याकाळी मी जिन्यात उभा, आणि समोरच्या हेर, म्हणजे श्रीयुत, क्रूगरांचं दार उघडलं. निवृत्त माणूस, हातात झारी. आणि आतून वास कसला? आंब्याचा! अगदी अढीतल्या आंब्याचा!

"हेर क्रूगर, हा वास...?"

"मँगो!" ते छाती फुगवून म्हणाले. "मी स्वतः लावलीत. तीन झाडं."

"कुठे, बाल्कनीत?"

"छे! आतल्या खोलीत. तंबूत, दिव्याखाली."

तंबूत आंबा! मी देवगडचा माणूस. तरी संयम ठेवून विचारलं, "मोहोर कधी येणार?"

"फुलायला दहा आठवडे. ही जात जरा उशिरा फुलते. उंच वाढते, पानं बारीक, शेंडे खुडावे लागतात. आधी अठरा तास उजेड, मग बारा. आणि नर दिसला की उपटायचा."

"आंब्यात नर? अहो, एकाच मोहोरात सगळं असतं!"

"नाइन, नाइन! नाही. फक्त माद्या ठेवायच्या. सत्तर टक्के साटिवा आहे."

साटिवा! बारावीला बायोलॉजी होतं मला. ओरायझा सटायव्हा म्हणजे भात! हा गृहस्थ भाताचा नि आंब्याचा संकर केल्याचं तोंडावर सांगतोय, आणि कोणाला? मला! मी ऐकवलंच, "माझ्या आजोबांची दोनशे झाडं होती. दोनशे!"

क्रूगर भिंतीला टेकले. "दोनशे? आणि पोलीस?"

"पोलिसांना आम्ही दरवर्षी एक पेटी पाठवायचो."

यात काय चुकलं माझं? सांगा ना! मग मी मुद्द्यावर आलो. "मला फक्त पाच पानं द्या."

"वाइटरगाबे फेरबोटन!" म्हणजे दुसऱ्याला द्यायला बंदी. "लावायची परवानगी आहे, तीच तीन झाडं. वाटायची नाही. कायदा आहे."

"अहो, माझ्या सासूबाईंना हवीत! पाण्यात घालायची, थोडी दारावर बांधायची. वीस माणसं येणार आहेत, पोरंबाळं धरून. ते पाणी सगळ्यांवर शिंपडायचं."

"मुलांवरही?" क्रूगरांचा चेहरा पांढराफटक. "हेर सावंत, मान्य, हे नुसतं ग्रास आहे. पण मुलांना?"

ग्रास? आंब्याला गवत म्हणता? मी तोंड उघडेपर्यंत धाडकन दार बंद!

काय ही माणसं! कुठला कचरा कुठल्या डब्यात, त्याला नियम. रविवारी भिंतीत खिळा ठोकायचा नाही, हा नियम. आणि आता आंब्याचं पान द्यायलाही कायदा? आमच्याकडे पूजेला पानं मागितली तर शेजारी स्वतः झाडावर चढतो!

त्याच तिरीमिरीत मी जर्मनमध्ये नोटीस खरडली आणि खालच्या बोर्डावर लावली. "हेर क्रूगर यांनी मँगोची पाच पानं नाकारली. मी लवकरच त्यांच्यापेक्षा अस्सल मँगो लावणार आहे. पानं सर्वांना फुकट. मुलांनाही. इच्छुकांनी खाली नाव आणि किती हवं ते लिहावं. सावंत, चौथा मजला."

लिहून झाल्यावर कसं गार वाटलं! घरी येऊन सासूबाईंनाही मराठीत अर्थ सांगितला.

रविवारी कलशाला शेवटी विड्याची पानं लावली. सासूबाई फुगून पाटाजवळ बसलेल्या. आरती सुरू होणार इतक्यात बेल वाजली. दारात पोलीस बाई, हातात माझी नोटीस.

"झाडं कुठे आहेत?"

"अजून लावली नाहीत," मी गरजलो, "पण लावणार! दोनशे लावणार!"

मेधाने कोपराने ढोसलं. मी थांबतोय कसला! शेवटी बाईंनी फोनवर एक फोटो उघडून माझ्या नाकासमोर धरला. हाताच्या पंजासारखं पान, कडा करवतीसारख्या.

"आल्झो, हे बघा, हेर क्रूगरांकडचं मँगो हे असं असतं. वास आंब्यासारखा, म्हणून नाव मँगो."

माझ्या मागून सासूबाई डोकावल्या. "अगो बाई! हा तर गांजा!" मग माझ्याकडे वळून, वीस पाहुण्यांसमोर, "पान न बघताच भांडून आलात?"

पोलीस बाईंना मी घामाघूम होत सगळं समजावलं. आंबा, कलश, आजोबा, पेटी. त्या ओठ दाबून ऐकत होत्या, खांदे मात्र हलत होते. शेवटी त्यांनी नोटिशीच्या खालच्या भागावर बोट ठेवलं. अकरा जणांनी नावं लिहिली होती! हसरी तोंडंसुद्धा काढली होती.

"ही दहा आम्हाला वाचता आली," त्या म्हणाल्या. "सगळ्यात वरचं नाही. कोण आहे हे?"

सगळ्यात वर, ठसठशीत मराठीत, लिहिलं होतं: सुमन दळवी, दोन डहाळे.

"काय विचारतेय हो ती?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, ती विचारतेय," मी मान खाली घालून म्हणालो, "तुम्हाला दोन कशाला हवे होते."

"सांगा तिला," सासूबाई म्हणाल्या, "एक कलशाला हवा होता. दुसरा कशाला हवा होता ते आत्ता कळलं. जावयाला बडवायला!"