दुपारच्या मुली

पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून बाहेर पडून अनसूयाबाई सोलापुरात मुलींच्या शाळेवर रुजू झाल्या, तेव्हा त्यांनी पहिला पाठ घेतला तो नदीचा. हेतू, साहित्य, प्रश्न, अपेक्षित उत्तरे, फळ्यावरचे काम, सगळे टाचण सुवाच्य अक्षरात काढलेले. रंगीत खडूंनी वळणे घेत जाणारी नदी फळ्यावर आली. विणकरांच्या वस्तीतला वर्ग. पटावर एकतीस मुली, समोर नऊ. चित्र बघून त्या हरखल्या, पण प्रश्नांना एकीनेही तोंड उघडले नाही. तासाच्या शेवटी मागच्या एकीने शेजारणीला तेलुगूत हळूच काही विचारले. बाई एवढा वेळ काय बोलत होत्या, हे तिला कळले नव्हते.

अनसूयाबाईंनी ते टाचण फाडून टाकले नाही. त्याच पानाच्या कडेला लिहिले: 'मुली कोण, हे न बघता पाठ काढला.'

मग मुली कोण हे बघायला त्या शाळा सुटल्यावर वस्तीत जाऊ लागल्या. नरसव्वाच्या ओट्यावर त्यांची बैठक पडली. नरसव्वाचा नवरा मागावर बसे आणि ती स्वतः सूत रंगवी. कोपरापर्यंत हात निळे.

"पोरी का पाठवत नाही गं?" अनसूयाबाईंनी विचारले.

"कशा पाठवू बाई? रहाटावर सुताच्या कांड्या कोण भरंल? कांडी न्हाय तर माग बंद, माग बंद तर चूल बंद. तुमी भरता का येऊन?"

"शिकव, भरते."

नरसव्वा हसली. "सूत तोडशीला लई."

आत रहाट एकच होता आणि मुली दोन, राजव्वा आणि अंबव्वा. एक भरायला बसली की दुसरी ओट्यावर रिकामी. शेजारच्या घरीही तेच, पलीकडेही तेच. अनसूयाबाई तीन-चार दिवस घरे फिरल्या आणि मग त्यांनी टाचणाच्या वहीत प्रत्येक पानावर मधोमध एक उभी रेघ ओढली. डावीकडे सकाळच्या मुली, उजवीकडे दुपारच्या. थोरली अकरापासून दीडपर्यंत शाळेत बसेल, ती घरी जाऊन रहाट हातात घेईल, की धाकटी अडीचला येईल. एका वर्गाचे दोन झाले. तोच धडा दोनदा, पण तसाच नव्हे; थोरल्यांना वेगळे प्रश्न, धाकट्यांना वेगळे. कांड्यांच्या टोपलीवर बेरीज-वजाबाकी. प्रत्येक धड्याआधी दहा-बारा तेलुगू शब्द नरसव्वाकडून शिकून वहीत लिहून घ्यायचे.

नव्या पेठेतल्या खोलीत संध्याकाळी जेवणे उरकली की त्या उद्याचा पाठ आधी मालतीवर घेत. मालती त्यांची मुलगी, दहा वर्षांची. तिचे वडील जाऊन तीन वर्षे झाली होती.

"पाण्यात मीठ टाकलं. मीठ कुठं गेलं?"

"मला ठाऊक आहे, पण तू म्हणतेस म्हणून ठाऊक नाही," मालती म्हणे.

"नीट सांग. तुला मराठी येत नाही असं समज."

"मग तू काय विचारलंस तेच मला कळलं नाही."

अनसूयाबाई पेन्सिल उचलत आणि तो प्रश्न खोडून नवा लिहीत. मालतीला कधी कणकण असली तरी हे चुके नाही. पुढे कधी मनात येई, पोरीचा हात तापलेला होता आणि आपण प्रश्न खोडत बसलो होतो.

दिवाळीपर्यंत एकतीसपैकी अठ्ठावीस-एकोणतीस मुली रोज येऊ लागल्या. हजेरी मात्र बुकात एकाच रकान्यात होती. बुकात सकाळ-दुपार असे काही नव्हतेच. शाळा उघडली की त्या साऱ्यांची हजेरी मांडून ठेवत आणि दुपारी कोणी आली नाही तर खूण बदलत. दोन पाळ्यांना वरून परवानगी लागते, हे त्यांना माहीत होते. अर्जाचा मसुदा वहीच्या शेवटच्या पानावर तीनदा लिहून झाला होता. आणखी महिनाभराची हजेरी जोडली की अर्ज भक्कम होईल, असे दर वेळी वाटे आणि पान उलटले जाई.

माघात शाळाखात्याचे डेप्युटीसाहेब न कळवता तपासणीला आले. डोक्यावर साहेबी टोपी, हातात जाड वही. त्यांनी मुली मोजल्या. चौदा.

"हजेरी एकोणतीस कशी?"

अनसूयाबाईंनी सगळे सांगितले. रहाट, बहिणी, दोन पाळ्या.

"परवानगीचा कागद?"

"अर्ज तयार आहे."

"पाठवलेला आहे का?"

त्यांनी वहीचे शेवटचे पान उघडून पुढे केले.

डेप्युटी वाईट मनुष्य नव्हते. टाचणाची वही त्यांनी उभ्याउभ्या बराच वेळ चाळली. मग खुर्ची दाराशी ओढून बसले. "दुपारच्या मुली येतात म्हणता, तर मी थांबतो. वर्ग चालवायचा तर सकाळच्या धरून वीस तरी खऱ्या मुली हव्यात. नाही तर मला तो बंद करावा लागेल. तुम्ही मात्र इथून हलू नका. घरोघर जाऊन गोळा केलेल्या मुली मी धरत नसतो."

दीडला सकाळच्या चौदाजणी नेहमीसारख्या घरी पळाल्या. अनसूयाबाईंनी मिठाचे खडे, पेला, पाण्याची घागर मांडून ठेवली. त्यांना खरोखर वाटत होते, आता तासाभराचाच प्रश्न आहे.

अडीच वाजले. पावणेतीन झाले. गल्लीत एरवी ज्या वेळी परकरी पोरींची झुंबड दिसे, तिथे कुत्रेही नव्हते. घराघरांची दारे लागलेली. आतून रहाटांची घरघर तेवढी येत होती.

तीनला एकटी अंबव्वा आली. सहा वर्षांची, केसांत सुताचे तुकडे.

"बाकीच्या कुठं आहेत गं?"

"लपल्या," अंबव्वा म्हणाली. तिने डेप्युटींच्या टोपीकडे बघितले आणि आपला दंड हाताने घट्ट झाकून धरला. "राजव्वा बोलली, टोपीवाला वही घेऊन बसलाय. देवी टोचनार. आई नगं म्हणत होती. मी मागच्या दारानं आले."

"तू का आलीस मग?"

"तुमी मीठ दावनार होता की."

सकाळच्या मुलींनीच ही बातमी घरोघर पोचवली होती. त्यांना वेळेवर घरी धाडण्याची शिस्त अनसूयाबाईंचीच.

डेप्युटी म्हणाले, "घ्या पाठ."

त्यांनी तो घेतला. एकाच मुलीसमोर, पहिल्या प्रश्नापासून शेवटच्यापर्यंत. अंबव्वाने पाणी चाखले, तोंड वाकडे केले आणि मीठ कुठे गेले ते आधी तेलुगूत, मग मराठीत सांगितले. एकही प्रश्न खोडावा लागला नाही. बोलता बोलता अनसूयाबाईंचा डोळा पुन्हा पुन्हा दाराकडे जात होता.

शेऱ्याच्या बुकात डेप्युटींनी दोन ओळी लिहिल्या. 'पाठाची तयारी उत्तम. हजेरी विश्वसनीय नाही.'

फाल्गुनात वर्ग बंद झाल्याचा हुकूम आला. मुलींनी लांबच्या दुसऱ्या शाळेत पूर्ण वेळ जावे, असे त्यात होते. एकही गेली नाही. नरसव्वा निळे हात घेऊन शाळेच्या दाराशी आली होती.

"बाई, आदी सांगायचं न्हाय व्हय, साहेब येनार म्हणून? आमी समद्या पाठवल्या असत्या."

"मलाच ठाऊक नव्हतं."

"टोपीवाल्याचं तरी सांगून ठेवायचं. आमाला काय कळतंय?"

हे मात्र खरे होते. आठ महिने त्यांनी मुलींना सगळ्याची तयारी करून दिली. परका माणूस वही घेऊन वर्गात बसला तर भ्यायचे नाही, हा पाठ तेवढा काढायचा राहिला. अर्जासारखाच.

अनसूयाबाईंची बदली वैराग गावच्या शाळेत झाली. तिथे मुली मराठी बोलतात, अकरा ते पाच बसतात, प्रश्न विचारला की हात वर करतात. अनसूयाबाई टाचणे काढतात, पण संध्याकाळी मालतीला बोलावत नाहीत. ती एकदा आपण होऊन समोर येऊन बसली, तर तिला अभ्यासाला लावून दिले. नवी वही घेतली की पहिल्या दिवशीच त्या हर पानावर मधोमध उभी रेघ ओढतात. उजवी बाजू कोरी राहते.

तिथे तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा विचारले, "इतकी जागा वाया का घालवता?"

"सवय आहे," त्या म्हणाल्या आणि वही मिटून घेतली.