हंगेरीचा मुन्शी

माझं हिंदी उत्तम आहे, असं दिल्लीत फक्त मला वाटतं. बायकोच्या मते माझं हिंदी म्हणजे शेवटी ‘है’ लावलेलं मराठी. गुरुग्रामच्या ऑफिसात इंग्रजीवर आणि बाहेर हातवाऱ्यांवर निभावत आल्यामुळे हा वाद कधी निकालात निघाला नव्हता. तो निघाला करोल बागेत, एका रविवारी सकाळी. पणाला मात्र दुसऱ्याच कुणाचं तरी भवितव्य लागलेलं होतं.

बायकोच्या ओळखीतली, मला काका म्हणणारी परभणीकडची एक मुलगी. नागरी सेवांची मुख्य परीक्षा पास झालेली, मुलाखत तेवढी राहिलेली, आणि प्रयत्न शेवटचा. मुलाखत मराठीतून देता येते. उमेदवारानं मराठीत बोलायचं, दुभाष्यानं ते मंडळाला हिंदीत सांगायचं. पण भाषा कोणती ते आधी फॉर्ममध्ये लिहावं लागतं, आणि एकदा लिहिलं की विषय संपला. मुदत बुधवारपर्यंत होती. इंग्रजीत ती अडखळायची. हिंदी तिला सगळं समजायचं, पण बोलताना वाक्य अर्ध्यात सांडायचं. मराठीत बोलायला लागली की समोरचा माणूस चहा प्यायचा विसरायचा. भीती एकच होती, मधला माणूस काय सांगेल? ते बघायला एका अभ्यासिकेत सराव-मुलाखत ठरली. दुभाष्या मिळेना. मी हात वर केला. मला कुणी विचारलंही नव्हतं.

तिनं छंद म्हणून ‘चरित्रवाचन’ लिहिलं होतं, आणि आवडता माणूस निवडला होता एकोणिसाव्या शतकातला हंगेरीचा एक मुत्सद्दी. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. हंगेरीत आडनाव आधी लावतात, आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखं. हे ठाऊक नसल्यानं मेट्रोत सबंध प्रवासभर मी त्यांचं आडनावच नाव म्हणून घोकत होतो. आता पुन्हा धीर होत नाही.

मंडळ म्हणजे एकटे वकीलसाहेब. निवृत्त, जुन्या दिल्लीतले, सगळा जन्म इथल्या कोर्टकचेऱ्यांत गेलेला. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, “हाँ बेटा, हंगरी के ये साहब कौन थे?”

ती सुरू झाली. सुरेख सांगत होती. जमीनदाराघरचे, शिकून वकील झालेले, संसार न केलेले. देशाचं पहिलं जबाबदार मंत्रिमंडळ आलं तेव्हा न्यायमंत्री. व्हिएन्नाच्या दरबाराशी बिनसलं तेव्हा त्या मंत्रिमंडळानं राजीनामा दिला. पुढे युद्ध झालं, बंड चिरडलं गेलं. दरबारानं यांना मदतीला बोलावलं, तर यांनी नम्रपणे नकार कळवला आणि घरी बसले. पुढे शेतीवाडी विकून शहरातल्या एका हॉटेलच्या खोलीत राहायला आले.

मी हे सगळं झोकात हिंदीत ओतलं. “सर, ये हंगरी के बहुत बड़े मुत्सद्दी थे. मंत्री थे, फिर इन्होंने राजीनामा दे दिया और अठारह साल दरबार से दूर रहे.”

वकीलसाहेबांच्या भुवया वर गेल्या. “मुत्सद्दी? मुन्शी थे?”

“जी सर, बिल्कुल. बहुत बड़े.”

“कमाल है. मुन्शी से मंत्री! और राज़ीनामा किससे किया?”

किससे? मला वाटलं, राजीनामा कुणाकडे दिला ते विचारतायत. “बादशाह से, सर.”

“तो बात वहीं ख़त्म. फिर अठारह साल रूठे क्यों बैठे रहे? इनसे पूछिए.”

मी तिच्याकडे वळून विचारलं, “सर म्हणतायत, राजीनामा दिल्यावर मग रुसून का बसले?”

तिचा चेहरा उतरला. मला वाटलं, उत्तर येत नाहीये. काकांनी आधार द्यायला हवा. म्हणून मी आपल्या पदरचं एक वाक्य वकीलसाहेबांना देऊन टाकलं, “सर, स्वभाव ही थोड़ा हट्टी था.”

“काका, थांबा.” तिनं टेबलावर हात ठेवला. “तुम्ही काय सांगताय ते मला कळतंय.”

मग ती वकीलसाहेबांकडे वळली आणि मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाली, “सर, माफ़ कीजिए. मराठी में मुत्सद्दी मतलब राजनेता, मुन्शी नहीं. और राजीनामा मतलब इस्तीफ़ा. आपका राज़ीनामा, वो समझौता, वो तो अठारह साल बाद हुआ.”

वकीलसाहेब इतके हसले की चष्मा पुन्हा पुसावा लागला. “अरे साहब, हमारी कचहरी में राज़ीनामा तब लिखते हैं जब दोनों पार्टी मान जाएँ! आपने तो पहले ही दिन सुलह करा दी.”

म्हणजे पद सोडणाऱ्या माणसाला मी तडजोडीवर सही करायला लावली होती.

पुढचं तिनं मराठीतच सांगितलं आणि मी एकेक शब्द चाचपत हिंदीत नेलं. ऑस्ट्रिया प्रशियाकडून हरला तेव्हा बादशहानं विचारलं, आता काय हवं? त्यावर हे म्हणाले म्हणतात, हरण्याआधी जे हवं होतं तेच, जास्त काही नाही. त्यातून तडजोड झाली, एक मुकुट आणि दोन सरकारं. यांना पंतप्रधानपद देऊ केलं, ते घेतलं नाही. मानसन्मानही नकोत म्हणाले. “शत्रू पडलेला असताना भाव वाढवला नाही, म्हणून मला ते आवडतात,” ती म्हणाली. हे वाक्य मी न बिघडवता पोचवलं. वकीलसाहेब ‘वाह’ म्हणाले. दाद तिला होती, पण मान मी लववली.

खाली रस्त्यावर आलो. मी घसा साफ करून म्हटलं, “माझं ऐक, इंग्रजीच लिही. दुभाष्याच्या नादी लागू नकोस.”

“मराठीच लिहिणार.”

“एवढं होऊनसुद्धा?”

“एवढं झालं म्हणूनच. हिंदीत मला बोलता येत नाही, पण चूक पकडता येते, हे आज कळलं. मधला माणूस घसरला तर मी अडवू शकते. आणखी काय पाहिजे?”

मी निरोप घ्यायला लागलो तर म्हणाली, “पुढच्या रविवारी याल ना?”

“मी? अगं, दुसरं कुणीतरी चांगलं बघ.”

“चांगला नको, काका. चांगल्याबरोबर सराव कसला होणार?”

पुढचे चार रविवार मी गेलो. ठरवून चुकायची एकदाही गरज पडली नाही. एकदा ‘तिला शिक्षा झाली’ याचं मी ‘उनकी शिक्षा हुई’ केलं आणि एका कैदी बाईला पदवीधर करून सोडलं. तिनं वाक्य पुरं व्हायच्या आत अडवलं.

गेल्या महिन्यात तिची खरी मुलाखत झाली. निकाल यायचाय. बाहेर आल्या आल्या तिनं फोन केला. मी विचारलं, दुभाष्या कसा होता?

“फारच चांगला होता हो,” ती म्हणाली. आवाजात किंचित तक्रार होती. “एकदाही अडवावं लागलं नाही.”